जस्ताची ओवाळणी

नीरजानं दोन कुंड्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर आणून ठेवल्या तेव्हा हेमावती करंज्या तळत होती. दोन्हींत मक्याची रोपं होती, एकाच दिवशी पेरलेली. एक गुडघ्याएवढं आणि हिरवंगार. दुसरं वीतभर, त्याची कोवळी पानं पिवळट पडलेली आणि पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या उरलेल्या.

"हे शेजारच्या मुनियप्पाच्या मातीतलं," नीरजा हिरव्या रोपाला हात लावत म्हणाली. मग दुसऱ्याला हात न लावताच, "आणि हे तुझ्या मातीतलं, आत्या."

भाऊबिजेच्या सकाळी सख्ख्या भाचीनं असं काही घेऊन येऊ नये. पण नीरजा लहानपणापासून अशीच, पोटात काही ठेवणं तिला जमायचंच नाही. शेतकी विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकायला लागल्यापासून तर आधी पुरावा पुढं ठेवायचा आणि मग बोलायचं, अशी नवी खोड तिला लागली होती.

हेमावतीनं कढईतली करंजी उलटली, गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसत त्या पिवळ्या रोपासमोर उभी राहिली. तिला धक्का बसायला हवा होता. तो बसला नाही. गेली पाच-सहा वर्षं ती हे पिवळं पान रोज सकाळी शेतात बघत होती, फक्त कुंडीत कधी बघितलं नव्हतं.

"पाणी कमी पडलं असेल की," ती उगीच म्हणाली.

"दोघांना एकाच मापानं पाणी घातलं. खतही तेच. चाऱ्याची ज्वारी लावून बघितली, ओट लावून बघितला. तुझ्या मातीत सगळ्यांची हीच गत." नीरजानं पिवळं रोप मुळासकट उपटलं. मुळं तोकडी होती, तपकिरी, टोकाशी जाड झालेली. "आपली माती लाल कशानं आहे? लोखंडानं. लोखंडाला तोटा नाही. आणि या पानाला लोखंडच मिळत नाही, म्हणून ते पिवळं. तू सुपर फॉस्फेट घालतेस, तेही वर चढत नाही. ताट वाढलेलं आहे आणि घास उचलता येत नाही, असं चाललंय बिचाऱ्याचं."

"का उचलता येत नाही?"

इथं मात्र नीरजा घुटमळली. तिनं दाराकडं एकदा बघितलं.

"जस्तामुळं. शिवाजीनगरला बस आली की दाराशी कसं होतं? दांडगे आत घुसतात, बाकीचे खालीच राहतात. मुळाच्या दारात जस्तानं तशी गर्दी केलीय, आत्या. झाडाला जस्त लागतं, पण स्वल्प. चिमूटभर. तुझ्या मातीत किती निघालं सांगू? मी तीनदा मोजलं. पहिल्यांदा वाटलं, यंत्रच बिघडलंय."

खरी गंमत पुढंच होती. तिचा प्रबंध होता गटाराच्या पाण्यावर वाढणाऱ्या चाऱ्याबद्दल. इथल्या कानडी शहराच्या सांडपाण्यावर मका-ज्वारी घेणाऱ्या दहा-बारा शेतांतली माती तिनं गोळा केली होती. तुलनेला एक चांगलं, स्वच्छ, विहिरीच्या पाण्याचं शेत हवं होतं. तिनं मोठ्या अभिमानानं आत्याचं शेत निवडलं. मुनियप्पाची माती केवळ शेजारी म्हणून उचलली. आणि सगळ्या यादीत सर्वांत वाईट माती निघाली ती आत्याची.

"सर विचारतायत, एवढं जस्त आलं कुठून? गटार नाही, कारखाना नाही. थिसिसमध्ये लिहावं लागतं ते. मी काय लिहू?"

दोघींनाही उत्तर ठाऊक होतं. दोघींनीही नाव घेतलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी शेतकी खात्याचा एक अधिकारी बांधावर आला होता. मक्याच्या पानावरचे पांढरे पट्टे बघून त्यानं सांगितलं, मातीत जस्त कमी आहे, झिंक सल्फेटची लहान पिशवी आणून टाका. अधिकाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पण तो दिवस नेमका दिवाळीतला, आणि हेमावतीचा धाकटा भाऊ वेणुगोपाल घरी आलेला. शिवाजीनगरच्या गल्लीत त्याचा नटबोल्टांना जस्ताचं प्लेटिंग करायचा लहानसा कारखाना. जस्त हा शब्द कानावर पडताच त्याचं तोंड उजळलं. "जस्तासाठी माझी अक्का दुकानात जाणार? अय्यो, माझ्या टाक्यांच्या तळाला जस्ताचाच गाळ बसलाय की!" आठ दिवसांत त्यानं तो गाळ गच्चीवर वाळवला, चिकपेटहून मलमल आणून त्यातून चाळला आणि पोती भरून पाठवली. त्या वर्षी मका असा आला की माणूस आत शिरला तर दिसू नये. मग काय विचारता, दर भाऊबिजेला वेणूची ओवाळणी ठरून गेली. तबकात साडी तर असायचीच, पण साडीवर गाळाची एक पुडी ठेवायची, आणि पोती टेंपोत. "साडी दुकानातली, अक्का. हे माझ्या हातचं," तो म्हणायचा.

आणि ते खरंच होतं. आई गेली तेव्हा वेणू सहा वर्षांचा होता आणि हेमावती सोळा. दोन वर्षांनी तिचं लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच अट घातली होती, भाऊ माझ्याबरोबर येईल. श्रीधररावांनी ती अट हसत मान्य केली, आणि त्या एका गोष्टीसाठी हेमावती आजही रोज देवापुढं हात जोडताना नवऱ्याचं नाव आधी घ्यायची. तेव्हापासून वेणूला या घराचं काही फेडायचं होतं. फेडू नकोस म्हटलं तर त्याला राग यायचा. गाळाची पोती उतरवताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते कारखान्याच्या उद्घाटनालाही दिसलं नव्हतं.

हे समाधान हेमावतीनं पहिल्यांदा हिरव्या पिकात बघितलं, आणि नंतर पिवळ्या पिकात. तोंडातून शब्द काढला नाही.

* * *

कृष्णवेणी, वेणूची बायको, मुलीबरोबरच ऑटोतून आली होती. पहाटेच चिकपेटला माहेरी जाऊन तिनं आपल्या भावाला ओवाळलं होतं. आता ती ओसरीवर रांगोळी घालत होती, पण रांगोळीकडं लक्ष नव्हतं. कमळाला सात पाकळ्या झाल्या.

"सांगितलं ना हिनं?" ती आत येऊन म्हणाली. "वन्सं, मी हिला ऑटोत हजारदा म्हटलं, आज नको. उद्या सांग, तुळशीच्या लग्नानंतर सांग. पण ऐकेल तर शपथ."

"बाबा आज पोती घेऊन येणार म्हणून तर आजच," नीरजा म्हणाली.

"येऊ देत की! नऊ वर्षं टाकली, दहाव्यानं काय बिघडणार आहे?"

"आई, गौरीकडं बघ जरा."

गोठा स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा. गौरी मूळची कोळशासारखी काळी. दोन वर्षांत तिचा रंग उतरून तपकिरी झाला होता आणि डोळ्यांभोवती राखाडी कडी आली होती, एखाद्या मास्तरीणबाईनं चष्मा घालावा तशी. दोनदा लावून आणली, गाभ राहिली नाही. डॉक्टर म्हणाले अंगात तांबं कमी आहे, आणि पुडे देऊन गेले.

"चाऱ्यातून जस्त जास्त गेलं की गायीला तांबं पचत नाही," नीरजा म्हणाली. "डॉक्टरांचे पुडे एका हातानं देतो आपण, आणि चारा दुसऱ्या हातानं."

एवढ्यात श्रीधरराव आंघोळ करून, टॉवेल खांद्यावर टाकून आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुठल्याही तंट्यात मधला मार्ग शोधायची सवय लागली होती. सगळं ऐकून घेऊन ते पाटावर बसले.

"हेमा, अगदी सोपं आहे. पोती घ्यायची, कोठीत ठेवायची, शेतात टाकायची नाहीत. वेणू काय रोज येऊन बघतोय? सण गोड होईल आणि मातीही वाचेल."

"आणि पुढच्या वर्षी?" नीरजानं विचारलं.

"कोठी मोठी आहे."

कृष्णवेणीला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "भावजी म्हणतात तसंच करा, वन्सं. तुम्हाला माहीत नाही, दिवाळीच्या आधी महिनाभर हे दर रविवारी कारखान्याच्या गच्चीवर असतात. गाळ वाळवायला, चाळायला. कामगाराला हात लावू देत नाहीत. मी म्हटलं, अहो, अक्कांना एखादी अंगठी करा. तर म्हणाले, अंगठी कोणीही देतो. त्यांना हे सांगितलं तर ते... मला माझा नवरा माहीत आहे. आठ दिवस जेवणार नाहीत."

हेमावतीलाही तो माहीत होता. सहा वर्षांचा वेणू तिच्या पातळाचा काठ मुठीत धरून झोपायचा. काठ सोडवला की जागा व्हायचा.

"सरी, बरं," ती म्हणाली. "कोठीत ठेवू."

"आत्या!"

"नीरजा, आजचा दिवस जाऊ दे. तुझ्या थिसिसमध्ये गटाराचं पाणी म्हणून लिही."

नीरजानं उपटलेलं रोप पुन्हा कुंडीत खोचलं. पोरीनं आपल्याकडं बघितलं ते हेमावतीला करंजीच्या कढईपेक्षा जास्त चटका लावून गेलं. एवढ्या मोठ्या विश्वासानं आपल्याकडं कुंडी घेऊन आली आणि आपण तिला खोटं लिहायला सांगितलं. हेमावतीनं नंतरच्या तीन करंज्या जाळल्या.

* * *

वेणुगोपाल आला तो नेहमीसारखा आधी ऐकू आला. टेंपोचा भोंगा, मग त्याचं "अक्का, आलो ग!", मग ओसरीवर चपला फेकल्याचा आवाज. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पोट सुटलेलं, प्लेटिंगच्या पाण्यानं बोटांची टोकं कायमची राखाडी झालेली, अंगात हेमावतीनं दिवाळीला पाठवलेला नवा पिस्ता रंगाचा शर्ट. आल्या आल्या त्यानं श्रीधररावांचे पाय धरले.

"पुरे रे, दरवर्षी काय," श्रीधरराव म्हणाले.

"भावजी, ज्या दिवशी पुरे होईल त्या दिवशी मी मेलेला असेन."

पाट मांडला. वेणू बसला. हेमावतीनं त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी त्याच्या चेहऱ्याभोवती फिरवली, निरांजनानं ओवाळलं. दरवर्षी या क्षणी तिच्या मनात एकच विचार यायचा, आई बघत असेल. आज तो आला नाही. आज तिला वाटलं, आई न बघेल तर बरं.

वेणूनं तबकात साडी ठेवली, जांभळी, बारीक जरीची. तिच्यावर वर्तमानपत्राच्या कागदाची चौकोनी पुडी.

"दहा पोती आणणार होतो, सहाच आहेत. रागावू नकोस."

हेमावतीचा जीव भांड्यात पडला. सहा पोती कोठीत सहज मावतील.

"चार मुनियप्पाकडं उतरवली येताना," वेणू खुशीत सांगत होता. "वळणावर भेटला. म्हणाला, राय, तुमच्या अक्काला दरवर्षी देता, आम्ही शेजारी परके काय? मला इतकं बरं वाटलं, अक्का! म्हटलं घे की, चार घे. त्याचा मेव्हणा आहे ना तलावाकडला, त्यालाही पाहिजे म्हणाला. मी शब्द दिलाय, पुढच्या महिन्यात त्याचं शेतही करून देतो. बारकी पोरं आहेत त्याला, दोन म्हशी आहेत. आपल्याकडं पडून असलेल्या वस्तूनं कुणाचं भलं होत असेल तर..."

पुढचं हेमावतीला ऐकू आलं नाही. तिला दिसत होता तो मुनियप्पाचा मका, कट्ट्यावरचा, गुडघ्याएवढा, हिरवा. तिनं श्रीधररावांकडं बघितलं. मधला मार्ग शोधणारे श्रीधरराव जमिनीकडं बघत होते. तिनं कृष्णवेणीकडं बघितलं. कृष्णवेणी भिंतीला टेकून उभी होती, तोंडाला पदर लावून. तिनं पदर बाजूला केला.

"सांगा, वन्सं," ती म्हणाली. "आता सांगाच."

हेमावतीनं तबकातली पुडी उचलली. आजवर ती उचलली की कपाळाला लावायची आणि कनवटीला खोचायची. आज तिनं वेणूचा हात ओढला, तळहात उघडला आणि पुडी त्यावर ठेवली.

"ही नको, वेणू."

"का? कमी झाली म्हणून?"

"जास्त झाली म्हणून. तुझ्या गाळानं माती आजारी पडलीय."

भावाची ओवाळणी बहिणीनं परत करायची, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. कुणाच्याच घरात होत नसेल. वेणू हसला, थट्टा समजून. मग त्यानं एकेकाचं तोंड बघितलं आणि हसू जागच्या जागी थांबलं.

"नीरू?" तो मुलीकडं वळला. "तुझं काही आहे का यात?"

नीरजानं कुंड्या आणल्या. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, पण या वेळी फार हळू, एकेक वाक्य थांबून, आणि पहिलं वाक्य असं, की पहिल्या वर्षी तुमचं अगदी बरोबर होतं, बाबा, मातीला जस्त हवंच होतं. एक वर्ष. फार तर दोन. त्यानंतर ते साठत गेलं. ते पावसानं वाहून जात नाही, पिकानं संपत नाही, जिथं टाकलं तिथंच राहतं. वेणू ऐकत होता. मध्येच त्यानं पिवळ्या पानावरून बोट फिरवलं. प्लेटिंग केलेला बोल्ट तपासताना तो असंच बोट फिरवायचा, कुठं खरखर लागते का बघायला.

"नऊ वर्षं," तो म्हणाला.

"बाबा, तुम्हाला काय माहीत..."

"तुझ्या त्या पुस्तकात काय लिहिलंस? जस्त कुठून आलं ते?"

नीरजानं आत्याकडं बघितलं. हेमावती म्हणाली, "मी तिला गटाराचं पाणी म्हणून लिही म्हटलं."

"खोटं कशाला?" वेणूचा आवाज चढला, आणि लगेच खाली आला. "लिही, नीरू. विद्यार्थिनीच्या वडिलांच्या कारखान्यातला गाळ. गल्लीचं नावसुद्धा लिही. अजून कोणाच्या तरी अक्काला कोणीतरी देत असेल."

एवढं बोलून तो पाटावरून उठला. "मुनियप्पा!" तो म्हणाला आणि अनवाणीच बाहेर पडला.

* * *

हेमावती त्याच्या मागोमाग निघाली. बांधावरून मुनियप्पाचं घर हाकेच्या अंतरावर. एकेकाळी इथून बनशंकरीपर्यंत नुसती शेतंच दिसायची, आता निम्म्या शेतांत प्लॉटच्या आखणीचे दगड उभे होते. वेणू पुढं चालत होता, मागं वळून न बघता. तिला वाटलं, हा आता असाच चालत राहील. मुनियप्पाच्या घरावरून, रस्त्यावरून, शिवाजीनगरपर्यंत, आणि पुन्हा आपल्या पाटावर येऊन बसणार नाही. आयुष्यात तिनं पुष्कळ माणसं गमावली होती. हा एक आपल्या हातानं वाढवलेला, आणि आज आपल्याच हातानं त्याला पुडी परत केली.

मुनियप्पानं पोती गोठ्याच्या भिंतीशी नीट रचून वर ताडपत्री घातली होती. दिलेली वस्तू परत मागायला माणसं आली हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला.

"का राय? आम्हाला दिलेलं जड झालं?"

हेमावती काही बोलणार, तोच वेणूनं तिला हातानं थांबवलं. कानडीत, मुनियप्पाच्या बायकोला आणि सुनेलाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं सांगितलं, की हे विष आहे. मी न समजता माझ्याच बहिणीच्या शेतात नऊ वर्षं घातलं. तुमच्या शेतात जाऊ देणार नाही. "तप्पु नंदे, मुनियप्पा. चूक माझीच. मेव्हण्याकडंही मी स्वतः येऊन सांगतो."

मुनियप्पानं हेमावतीच्या मक्याकडं एकदा बघितलं, आपल्या मक्याकडं एकदा. शेतकऱ्याला आणखी काही सांगावं लागत नाही. त्यानं ताडपत्री ओढून काढली. "नशीब, अजून सुतळी सोडली नव्हती," तो म्हणाला, आणि वेणूच्या पाठीवर पोतं चढवायला त्यानंच हात लावला.

चार पोती बांधावर आणून टाकल्यावर वेणू त्यांतल्याच एकावर बसला. शर्ट घामानं चिकटला होता, पिस्ता रंगावर राखाडी पट्टे उमटले होते. हेमावती त्याच्याशेजारी टेकली. समोर तिचा मका होता, कंबरेएवढासुद्धा नाही, नोव्हेंबरच्या उन्हात फिकट.

"दर वर्षी तू ओवाळायचीस," वेणू म्हणाला. "आणि मी तुझ्या पदरात हे घालायचो. वर मिरवायचो."

आता बोलायला हवं होतं. नीरजानं सांगितलं ते सोपं होतं. हे तिचं तिलाच सांगायचं होतं.

"वेणू, मला माहीत होतं."

त्यानं मान वळवली.

"जस्त वगैरे नाही. पण तिसऱ्या वर्षी बघितलं, विहिरीमागच्या कोपऱ्यात पोतं पोचलं नव्हतं, तिथला मका हिरवा. बाकीचा पिवळा. मी काय आंधळी आहे? पुढच्या वर्षी मुद्दाम तो कोपरा सोडला. पुन्हा हिरवा. तेव्हा कळलं."

"आणि तरी टाकत राहिलीस?"

"तू दिलेलं होतं."

"अक्का!"

"तू उन्हात बसून चाळायचास ते मला ठाऊक होतं रे. मला कोण एवढं देतं? मला वाटलं, मातीचं काय, माती सोसेल. तुझं मन सोसणार नाही." "आईनंतर माझ्यासाठी हातानं काही करणारा तू एकटाच. त्याचे उपकार मी मातीला फेडायला लावले. गौरीला लावले. चूक तुझी पहिल्या तीन वर्षांची, वेणू. बाकीची सहा माझी."

वेणू एकाएकी उसळला, आणि आश्चर्य म्हणजे तो रागावला होता. स्वतःवर नव्हे, तिच्यावर.

"लहानपणी दूध सांडलं तर पाठीत धपाटा घालायचीस. गणितात नापास झालो तेव्हा घातलास, सिगारेट ओढली तेव्हा दोन घातलेस. आणि तुझं अख्खं शेत नासवलं तेव्हा गप्प? मी काय पाहुणा झालो? मोठा माणूस झालो तुझ्यासाठी?"

याकडं असं हेमावतीनं कधी बघितलंच नव्हतं. ती त्याला जपत होती, आणि तो इतकी वर्षं वाट बघत होता तिनं पुन्हा हक्कानं रागवायची.

"घाल की आता," वेणू पाठ तिच्याकडं करून बसला.

"जा रे, लोक बघतील."

"घाल म्हणतो ना."

तिनं घातला. हलकेच घालणार होती, पण हात उचलल्यावर सहा वर्षांचं सगळं त्यात आलं आणि धपाट्याचा आवाज मुनियप्पाच्या गोठ्यापर्यंत गेला. वेणू "आयो!" करून पुढं वाकला, आणि वाकल्या वाकल्याच खांदे गदगदत हसायला लागला. मग ते हसणं राहिलं नाही. हेमावतीनं त्याचं डोकं आपल्या खांद्याशी ओढून घेतलं. केस विरळ झाले होते. कशाबद्दल आणि कुणाचे आभार मानावेत हे तिला नीट कळेना, म्हणून तिनं सगळ्यांचेच मानले, मनातल्या मनात, भाचीचे सर्वांत आधी. त्या पोरीला बघायला डोळे दिले आणि बोलायला तोंड दिलं, देवाची केवढी कृपा.

भाची बांधावरून येतच होती, मागं कृष्णवेणी आणि टॉवेल सावरत श्रीधरराव. पाचही जण शेताच्या कडेला उभे राहिले.

"बरी होईल का ग ही?" वेणूनं डोळे पुसत विचारलं. गाय नव्हे, माती, हे सगळ्यांना कळलं.

"होईल. वेळ लागेल," नीरजा म्हणाली. "वरची चार बोटं माती खरवडून काढायची. ओढ्यात टाकायची नाही हं, कुठं ठेवायची ते मी सरांना विचारते. मग चुना, आणि शेणखत भरपूर. चुन्यानं जस्त जागच्या जागी बसतं, मुळांना त्रास देत नाही. तोवर गौरीला बाहेरचा चारा."

"खरवडायला माणसं लावू," श्रीधरराव म्हणाले.

"माणसं नकोत, भावजी," वेणू म्हणाला. "टाकलं कुणी?" मग तो हेमावतीकडं वळला, सहा वर्षांचा असताना वळायचा तसा, परवानगी मागायला. "अक्का, पुढच्या भाऊबिजेला काय आणू मग?"

"काही नको. हात रिकामे ठेवून ये. कुदळ इथं आहे."

"पुढच्या वर्षापर्यंत कोण थांबतोय?" म्हणत वेणूनं नव्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि तो मक्यात शिरला.

हेमावतीनं त्याला मागून शर्टाला धरून ओढलं.

"आधी जेव," ती म्हणाली. "मातीनं नऊ वर्षं वाट बघितलीय. आणखी तासभर बघेल."